कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर केबल जोडताना: ग्लँडपासून लगपर्यंत

एका फीडरवर (पॅनलला किंवा मशीनला वीज नेणाऱ्या लाइनवर) सतत १५० अँपिअर करंट आहे आणि एका लगच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा, ज्याचे नळकांडे केबलवर आणि सपाट तळवा टर्मिनलला बोल्टने बसतो) जोडात फक्त १ मिलिओहम जादा रेझिस्टन्स राहिला आहे, असे धरा. त्या जोडात साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे ब्रेकरच्या टर्मिनलला एक तापलेली सोल्डरिंग आयर्न रात्रंदिवस टेकवून ठेवल्यासारखेच झाले. करंट नेहमीचाच असतो, त्यामुळे ओव्हरलोड रिलेला काही वावगे दिसत नाही आणि फ्यूजही उडत नाही. कधी थर्मल ब्रेकर टर्मिनलकडून आलेल्या उष्णतेने उगाच ट्रिप होतो. मग दोष ब्रेकरच्या माथी बसतो, नवा ब्रेकर येतो, आणि जोड तसाच राहतो.

केबल कितीही चांगल्या कंपनीची आणा, तिचा शेवटचा एक मीटर कोणी आणि कसा बसवला यावर पॅनलचे आयुष्य ठरते. पुढची सगळी माहिती त्या एका मीटरची आहे.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. कारखान्याच्या मुख्य एलटी (लो टेन्शन) पॅनलमधून ६० मीटरवरच्या मशीनच्या कंट्रोल पॅनलला सप्लाय द्यायचा आहे. लोड १५० अँपिअर, इनकमरला (पॅनलमध्ये येणाऱ्या सप्लायला) २०० अँपिअरचा एमसीसीबी (मोल्डेड केस ब्रेकर). केबल साडेतीन कोर १२० चौरस मिमी, ए२एक्सएफवाय. या अक्षरांचा अर्थ असा: ए म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कंडक्टर, २एक्स म्हणजे एक्सएलपीई (एक प्रकारचे प्लॅस्टिक) इन्सुलेशन, एफ म्हणजे चपट्या स्टील पट्टीचे आर्मर (संरक्षक कवच) आणि वाय म्हणजे बाहेरचे पीव्हीसी आवरण. अर्धा कोर न्यूट्रलचा. १२० च्या केबलमध्ये तो ७० चौरस मिमीचा येतो. या लांबीवर व्होल्टेज ड्रॉप साधारण ५ व्होल्ट, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. शॉर्ट सर्किट झाल्यास ही केबल एक सेकंदापर्यंत सुमारे ११ किलोअँपिअर सोसते. मागच्या ब्रेकरचे सेटिंग करताना हा आकडा जवळ ठेवा.

वीज खरोखर गेली आहे का

ब्रेकर ऑफ केला, दिवे गेले, म्हणून पॅनल मेले असे होत नाही. आजच्या कारखान्यात एका पॅनलकडे चार वाटांनी वीज येऊ शकते: महावितरणचा सप्लाय, डीजी सेट (डिझेल जनरेटर), छतावरचा सोलर इन्व्हर्टर आणि यूपीएस. शिवाय दुसऱ्या पॅनलमधून आलेल्या इंटरलॉकच्या वायरी आणि मोटरच्या स्पेस हीटरचा वेगळा सप्लाय असतोच. मेन ऑफ असतानाही हे सगळे जिवंत असते. म्हणून आधी ड्रॉइंग घेऊन पॅनलमध्ये शिरणारी प्रत्येक केबल कुठून येते ते लिहून काढा. ड्रॉइंग जुने असेल तर केबलच्या मागे चालत जाऊन बघा.

मग वर्क परमिट घ्या. प्रत्येक सोर्सच्या ब्रेकरला कुलूप लावा आणि टॅगवर नाव, वेळ व काम लिहा. कुलपाची चावी काम करणाऱ्याच्या खिशात हवी, ऑफिसच्या टेबलावर नको. तीन जण काम करत असतील तर तीन कुलपे. हे काम परवानाधारक ठेकेदाराच्या किंवा अधिकृत सुपरवायझरच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम कारखान्याला लागू आहेत.

व्होल्टेज टेस्टर आधी जिवंत ठिकाणी लावून चालतो का ते बघा. मग ज्या टर्मिनलवर काम करायचे तिथे लावा: आर, वाय, बी या तीन फेजमध्ये आर-वाय, वाय-बी, बी-आर, प्रत्येक फेज ते न्यूट्रल, प्रत्येक फेज ते अर्थ, आणि न्यूट्रल ते अर्थ. त्यानंतर टेस्टर पुन्हा जिवंत ठिकाणी लावा. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. मधल्या काळात टेस्टरची बॅटरी गेली असेल तर जिवंत टर्मिनलही मेलेले दिसेल. निऑनच्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरवर या कामात विसंबू नका.

पॅनलमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर सप्लाय गेल्यावरही आतल्या डीसी बसवर ५८० व्होल्टच्या आसपास चार्ज उरतो. ड्राइव्हवर जितकी मिनिटे लिहिली आहेत तितकी थांबा, आणि मग डीसी प्लस-मायनस टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा. पॉवर फॅक्टरच्या कपॅसिटरचेही तसेच. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असेल तर वाट पाहून काही होत नाही, मोजावेच लागते.

टेस्टिंग पुरे होईपर्यंत हातात १००० व्होल्टचे क्लास शून्यचे रबरी हातमोजे, तोंडावर फेस शील्ड, पायाखाली आयएस १५६५२ ची मॅट. रबरी मोज्यांवर चामड्याचे मोजे घाला, नाहीतर पॅनलच्या पत्र्याची कड रबर चिरते. मोज्यात हवा भरून भोक आहे का ते दर वेळी बघा.

केबल पॅनलपर्यंत आणणे

ड्रमवरून केबल कापल्यावर दोन्ही टोकांना हिटश्रिंक कॅप लावा. उघडे टोक ट्रेंचमध्ये पडून राहिले आणि पावसाचे पाणी आत गेले की ते तारांच्या फटीतून कित्येक मीटर पुढे सरकते. अशा केबलचा मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्सचे वाचन) नंतर कमी येतो आणि दोष शोधता शोधता दिवस जातो. कोकणपट्टीत किंवा पावसाळ्यात ट्रेंच भरते अशा ठिकाणी कॅपशिवाय केबल टाकूच नका.

आर्मर्ड मल्टीकोर एलटी केबलचे किमान वळण व्यासाच्या १२ पट ठेवायचे. आपल्या केबलचा बाहेरचा व्यास ४० मिमीच्या आसपास आहे, म्हणजे वळणाची त्रिज्या ४८० मिमी. पॅनल भिंतीला चिकटून उभे असेल आणि ट्रेंच उथळ असेल तर हे वळण बसत नाही, आणि मग केबल ग्लँडच्या (केबल पॅनलच्या पत्र्यात पकडून बसवणाऱ्या जोडणीच्या) तोंडाशीच मोडली जाते. ते दुखणे आत, इन्सुलेशनला असते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पॅनलची जागा ठरवतानाच खाली आणि मागे किती जागा लागेल ते मोजा. उभे केल्यानंतर पॅनल कोणी हलवत नाही.

ग्लँडच्या खाली ३०० ते ५०० मिमीवर अँगलला केबल क्लॅम्प करा. मीटरला दोन-अडीच किलोची केबल ग्लँडवर लोंबत राहिली तर ग्लँड प्लेट वाकते, आणि वजन हळूहळू लगवर येते. शक्य असेल तर केबल खालूनच घ्या. वरून घ्यावीच लागली तर पॅनलच्या आधी केबलला खाली झुकणारा झोल द्या, म्हणजे तिच्या अंगावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल, पॅनलच्या डोक्यावर नाही.

ग्लँड लावण्याआधी एकदा मेगर मारा. केबल ओढताना खराब झाली असेल तर ते आताच कळलेले बरे.

ग्लँड

ग्लँड विकत घेताना दुकानात "१२० ची द्या" म्हणणे ही पहिली चूक. वेगवेगळ्या कंपन्यांच्या १२० च्या केबलचा व्यास वेगवेगळा असतो. व्हर्नियरने बाहेरच्या आवरणाचा व्यास, आर्मरखालच्या आवरणाचा व्यास आणि आर्मर पट्टीची जाडी मोजा, आणि ग्लँडच्या तक्त्याशी जुळवा. डबल कॉम्प्रेशन ग्लँडमध्ये आर्मर पकडणारा कोन (शंकूच्या आकाराचा भाग) आणि बाहेरची रबरी सील अशा दोन पकडी असतात. दोन्ही बसल्या तरच काम झाले. सिंगल कॉम्प्रेशन ग्लँड स्वस्त असते, पण तिच्यातून धूळ, ओल आणि कोळी सगळे आत जातात.

ग्लँड प्लेट पॅनलमधून काढून बाहेर ड्रिल करा. पॅनलच्या आत ड्रिल केले की लोखंडाचा किस बसबारवर, कॉन्टॅक्टरमध्ये आणि व्हीएफडीच्या पंख्यात पडतो. त्यातला एक बारीक तुकडा चार महिन्यांनी दोन फेजच्या मध्ये सरकला तर काय होईल ते सांगायला नको. प्लेट निघतच नसेल तर आत सगळीकडे जाड कापड अंथरा आणि नंतर व्हॅक्यूमने ओढून घ्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ती किस आणखी आत ढकलते. भोक होल सॉने किंवा हायड्रॉलिक पंचने पाडा, गॅसने कधीच नाही. ते ग्लँडच्या थ्रेडपेक्षा अर्धा-पाऊण मिमीच मोठे हवे. कडेची बर (उरलेली धारदार कड) फाइलने काढा, आणि चेक नट जिथे बसतो तेवढा रंग खरवडून पत्रा उघडा करा.

आता सोलणे. पॅनलच्या आत लांबात लांब कोर किती लागेल ते दोरीने मोजा, वळणासहित, आणि त्यात १५० मिमी जादा धरा. ग्लँडचा बाहेरचा नट आणि सील केबलवर आधीच ओवून ठेवा. हे विसरले की सगळे उलटे करावे लागते. बाहेरच्या आवरणाला सुरीने गोल खाच द्या, पूर्ण आरपार नको, मग लांबीने चिरून ओढून काढा. आर्मर ग्लँडच्या कोनाला जेवढे लागते तेवढेच ठेवा, साधारण ३० ते ४० मिमी. बाकीच्या पट्ट्यांना हॅकसॉने निम्म्या जाडीपर्यंत खाच द्या आणि वरखाली वाकवून तोडा. आरपार कापायला गेलात तर करवत आतल्या आवरणात शिरते आणि तिथून इन्सुलेशनपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. ग्लँडिंगमध्ये झालेले अनेक फॉल्ट अशा खाचेतूनच निघतात.

आर्मर पट्ट्या कोनावर सारख्या अंतराने पसरवा, एकीवर एक चढू देऊ नका, आणि मग नट घट्ट करा. पान्याने आवळताना केबलची पिळवटणूक होते, म्हणून ग्लँडचे अंग दुसऱ्या पान्याने धरा. शेवटी बाहेरची सील आवळली की केबल हाताने ओढून आणि फिरवून बघा. ग्लँडमध्ये ती जराही हलता कामा नये.

रिकामी राहिलेली सगळी भोके ब्लँकिंग प्लगने बंद करा. दाराला आयपी ५४ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) चे गॅस्केट आणि खाली बोटभर भोक उघडे, अशा पॅनलला आयपी ५४ म्हणता येत नाही. शिवाय त्या भोकातून पाल आणि उंदीर आत जातात. उबेला आलेली पाल बसबारवर चढून दोन फेज शॉर्ट करते. आपल्याकडच्या पॅनलमध्ये हा प्रकार काही दुर्मीळ नाही.

कोर वळवणे

आतले आवरण आणि फिलर काढले की चार कोर मोकळे होतात. दमट जागी त्यांच्या फाट्यावर चार बोटांचा हिटश्रिंक बूट चढवा. आर, वाय, बी आणि न्यूट्रल हे लाल, पिवळा, निळा आणि काळा या रंगांनीच जातात. दोन्ही टोकांना फेरूल (ओळखीची खूण असलेली नळी) लावा, कारण धुळीने दोन वर्षांत लाल आणि काळा ओळखू येत नाहीत.

कोर हाताने, मोठ्या वळणात आणा. शेवटचा ७०-८० मिमी भाग टर्मिनलला सरळ यायला हवा. याची एक सोपी परीक्षा आहे: लग टर्मिनलवर ठेवा, बोल्ट न लावता हात सोडा. लग जागेवर सपाट पडून राहिला तर कोर नीट वळला आहे. तो उडी मारून बाजूला गेला किंवा एका कडेवर उभा राहिला, तर बोल्ट आवळून तुम्ही तो ताण ब्रेकरच्या प्लॅस्टिक बॉडीत कायमचा कोंडणार आहात. तापून थंड होण्याच्या रोजच्या चक्रात तोच ताण बोल्ट सैल करतो.

कोर लाकडी किंवा फायबरच्या क्लीटने फ्रेमला बांधा. नायलॉनच्या टायवर भागवू नका. शॉर्ट सर्किटच्या क्षणी कोर एकमेकांना जोराने झटकतात, आणि बांधलेले नसतील तर लगच्या मुळाशी मोडतात. पॉवर कोर कंट्रोल वायरिंगच्या डक्टमध्ये घालू नका आणि पत्र्याच्या उघड्या कडेवरून नेऊ नका. नेणे भागच असेल तर कडेवर रबराची पट्टी बसवा.

लग

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

अ‍ॅल्युमिनियम कंडक्टरला अ‍ॅल्युमिनियमचा लग. टर्मिनल तांब्याचे आणि जागा दमट असेल तर बायमेटॅलिक लग घ्या, ज्याचे नळकांडे अ‍ॅल्युमिनियमचे आणि तळवा तांब्याचा असतो. उघड्या तांब्यावर उघडे अ‍ॅल्युमिनियम ठेवले आणि ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. लगचे भोक बोल्टच्या मापाचेच मागवा. एम १० च्या बोल्टला १२ मिमीचे भोक असलेला लग लावला तर टेकणारे क्षेत्रच कमी होते.

आपल्या केबलचे कोर गोल नसतात, पाव भाकरीसारखे सेक्टर आकाराचे असतात, आणि लगचे नळकांडे गोल. सेक्टर तसाच आत घातला तर बाजूला पोकळी राहते आणि क्रिंप (टूलने दाबून पक्के करणे) कितीही जोराने केला तरी तारा पूर्ण दबत नाहीत. त्यासाठी राउंडिंग डाय मिळतात: आधी त्या डायने कंडक्टर गोल करायचा, मग लग घालायचा. हातोडीने ठोकून गोल करण्याची सवय वाईट. तारा चपट्या होतात आणि काही चिरतात.

त्याहून वाईट सवय म्हणजे कंडक्टर लगमध्ये जात नाही म्हणून बाहेरच्या चार-सहा तारा छाटणे. छाटलेल्या तारांचा करंट उरलेल्यांना वाहावा लागतो, आणि तोही नेमका जोडाच्या तोंडाशी. लग बसत नाही याचा अर्थ लग चुकीचा आहे किंवा कंडक्टर गोल केलेला नाही. तळवा रुंद म्हणून ग्राइंडरने घासून अरुंद करणे हाही तसाच प्रकार. ब्रेकरच्या पोलमध्ये १२० चा लग बसत नसेल तर स्प्रेडर लिंक (टर्मिनलला रुंद जागा देणारी पट्टी) मागवा. ती त्यासाठीच बनवलेली असते.

इन्सुलेशन नळकांड्याच्या खोलीपेक्षा ४-५ मिमी जास्त सोला, कारण क्रिंप करताना अ‍ॅल्युमिनियम लांबते. सोलताना सुरीची धार तारेला लागू देऊ नका; खाच पडलेली तार दोन-तीनदा वाकली की तुटते. मग स्वच्छ तारेच्या ब्रशने कंडक्टर चमकेपर्यंत घासा. हा ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठीच ठेवा. हवेत अ‍ॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज अडवतो, म्हणून घासल्या घासल्या जॉइंटिंग कंपाउंड चोळा आणि थोडे नळकांड्यातही भरा. घासून ठेवले आणि जेवून आल्यावर लग घातला, असे करू नका.

कंडक्टर नळकांड्याच्या तळाला टेकेपर्यंत आत ढकला. लगच्या पुढच्या बाजूला तपासणीचे छिद्र असेल तर त्यातून तारा दिसायला हव्यात. हायड्रॉलिक टूलमध्ये षटकोनी डाय लावा आणि डायवरचा आकडा लगवरच्या आकड्याशी जुळवा. पहिला क्रिंप तळव्याच्या बाजूला, पुढचे केबलच्या दिशेने; म्हणजे लांबणारे धातू मोकळ्या बाजूला सरकते. किती क्रिंप मारायचे ते लग बनवणारा सांगतो, बऱ्याचदा नळकांड्यावर रेघाही असतात. प्रत्येक वेळी डायची दोन्ही तोंडे एकमेकांना टेकेपर्यंत आणि टूलचा व्हॉल्व्ह सुटेपर्यंत पंप मारा. हात दुखला म्हणून दोन स्ट्रोक आधी सोडलेला क्रिंप बाहेरून पूर्ण झालेल्या क्रिंपसारखाच दिसतो, हाच त्याचा धोका.

क्रिंप झाल्यावर दोन गोष्टी बघा. नळकांड्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पंख आले असतील तर डाय लहान होती. षटकोनाच्या कडा उमटल्याच नसतील तर डाय मोठी होती. दोन्ही वेळा लग कापून नवा लावा. म्हणूनच सुरुवातीला १५० मिमी जादा ठेवायला सांगितले. एकदा क्रिंप झालेल्या लगवर दुसऱ्या डायने पुन्हा क्रिंप मारून तो सुधारत नाही. बाहेर आलेले कंपाउंड पुसा आणि नळकांड्यावर त्या त्या फेजच्या रंगाची हिटश्रिंक स्लीव्ह चढवा.

बोल्ट

क्रम असा: टर्मिनल, त्याला थेट चिकटलेला लग, मग फ्लॅट वॉशर, मग कोनिकल स्प्रिंग वॉशर, मग नट किंवा बोल्टचे डोके. टर्मिनल आणि लगच्या मध्ये वॉशर कधीही नको. उंची जुळवण्यासाठी मध्ये स्टीलचा वॉशर घातलेली पॅनल्स सर्रास दिसतात. मग सगळा करंट त्या वॉशरमधून जातो, आणि स्टीलचा रेझिस्टन्स तांब्याच्या कितीतरी पट. कोनिकल वॉशर हवाच, कारण दाबाखाली अ‍ॅल्युमिनियम हळूहळू बसत जाते आणि तो वॉशर मागून दाब देत राहतो.

बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. बसबारवरच्या ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टला साधारण एम ८ साठी २० ते २५, एम १० साठी ४० ते ५० आणि एम १२ साठी ७० ते ८५ न्यूटन मीटर लागतो. ब्रेकर आणि कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलला हे आकडे लावू नका. त्यांचा टॉर्क बराच कमी असतो आणि तो ब्रेकरवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, तोच खरा. लांब पान्याने जोर लावून आवळले की टर्मिनलचा थ्रेड जातो किंवा प्लॅस्टिकला केसासारखी चीर पडते. टॉर्क झाला की बोल्टच्या डोक्यावरून टर्मिनलपर्यंत पेंट मार्करने सलग रेघ ओढा. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला.

काढलेले फेज बॅरियर आणि टर्मिनल कव्हर परत लावा.

अर्थिंग

आर्मरचा अर्थ ग्लँडच्या टॅगमधून वायरने थेट पॅनलच्या अर्थ बारला द्या. रंगवलेल्या ग्लँड प्लेटवर भरवसा ठेवू नका. पॅनलची बॉडी दोन वेगळ्या पट्ट्यांनी कारखान्याच्या अर्थ ग्रिडला जोडलेली हवी. एक निघाली किंवा गंजली तरी दुसरी राहते. दाराला बिजागरी आहे म्हणून दार अर्थ होत नाही. दाराला वेगळी लवचिक अर्थ वायर किंवा वेणी हवी. मशीनच्या पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका. ती जोडणी ट्रान्सफॉर्मर किंवा डीजीच्या न्यूट्रलपाशी झालेली असते. इथे पुन्हा जोडली की न्यूट्रलचा करंट मशीनच्या बॉडीतून आणि आर्मरमधून वाहू लागतो आणि अर्थ फॉल्ट रिले उगाच ट्रिप होतो.

सिंगल कोर केबल आणि व्हीएफडी

मोठ्या लोडला सिंगल कोर केबल असतील तर प्रत्येक फेज लोखंडी प्लेटच्या वेगळ्या भोकातून नेऊ नका. भोकाभोवतीच्या लोखंडात एडी करंट फिरतात आणि प्लेट हात न लावता येईल इतकी तापते. ग्लँड प्लेट अ‍ॅल्युमिनियमची करा. त्या केबलचे आर्मरही अ‍ॅल्युमिनियमचे असावे.

व्हीएफडी ते मोटर ही केबल शिल्डेड घ्या, आणि शिल्ड ईएमसी ग्लँडने (शिल्डला चहूबाजूंनी पकडणाऱ्या ग्लँडने) किंवा क्लॅम्पने पूर्ण गोल पकडा, दोन्ही टोकांना. शिल्डची वेणी पिळून एका बोल्टला बांधली तर जास्त फ्रिक्वेन्सीच्या करंटसाठी ती जवळजवळ उघडीच राहते, आणि मग एन्कोडरचे (मोटरची गती-स्थिती मोजणाऱ्या सेन्सरचे) वाचन उड्या मारू लागते. कंट्रोल केबलपासून ३०० मिमी तरी अंतर ठेवा. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा.

मेगर आणि पहिला चार्ज

दोन्ही टोके मोकळी ठेवून १००० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज ते फेज, फेज ते न्यूट्रल आणि प्रत्येक कोर ते आर्मर एक-एक मिनिट मोजा. व्हीएफडी, सर्ज प्रोटेक्टर, मीटर आणि पीएलसीचा सप्लाय यांपैकी काहीही जोडलेले नको. मेगरने व्हीएफडी मेला की दुरुस्तीचा मोठा खर्च येतो. नियमाच्या कागदावर १ मेगाओहम पुरतो, पण ६० मीटरच्या नव्या एक्सएलपीई केबलचे वाचन शेकडो मेगाओहमच्या वर यायलाच हवे. ५ किंवा १० दिसले तर "पास" लिहून पुढे जाऊ नका. टोकात ओल आहे किंवा कुठेतरी सुरी लागली आहे. तीन फेजपैकी एकच कमी येत असेल तर त्याच कोरची सोललेली जागा आधी बघा. टेस्टनंतर केबल अर्थ करून डिस्चार्ज करा.

मग जोडा, आतली हत्यारे मोजून बाहेर काढा, आणि मशीनचे सगळे आउटगोइंग ब्रेकर ऑफ ठेवून फक्त इनकमरपर्यंत सप्लाय द्या. तिन्ही फेजमधले आणि फेज ते न्यूट्रल व्होल्टेज बघा. फेज सिक्वेन्स मीटर (तिन्ही फेजचा क्रम दाखवणारा) लावा, आणि तो महावितरणवर व डीजीवर असा दोनदा लावा. डीजीवर सिक्वेन्स उलटा असेल तर पहिल्याच पॉवर कटला पंप आणि कन्व्हेयर उलटे फिरतील. त्यानंतर एकेक फीडर चालू करा.

पूर्ण लोडवर दोन-तीन तास चालल्यावर थर्मल कॅमेऱ्याने तिन्ही लग बघा. चकचकीत उघडा धातू कॅमेऱ्याला थंड भासतो, म्हणून स्लीव्हवरचे किंवा काळ्या टेपवरचे तापमान वाचा. लोड तिन्ही फेजवर सारखा असून एक लग इतरांपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नका, शटडाऊन घ्या. शटडाऊनमध्ये नुसता बोल्ट आवळून बंद करू नका. तो जोड उघडा, तळवा बघा, काळवंडला असेल तर लग कापा. फक्त चार-पाच अंशांचा फरक असेल तर तारीख आणि लोडसह नोंद करा आणि महिन्याभरात त्याच लोडवर पुन्हा बघा.

ज्यांच्याकडे मायक्रोओहम मीटर आहे त्यांनी पॅनल मेलेले असतानाच टर्मिनल ते नळकांडे हा रेझिस्टन्स तिन्ही फेजवर मोजून दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहावा. त्याच कागदावर केबलचा टॅग नंबर, लगचे माप, डायचा नंबर, लावलेला टॉर्क, मेगरची वाचने आणि तारीख. तीन वर्षांनी कोणी दुसरा माणूस हे दार उघडेल, तेव्हा त्याला तुलना करायला एवढेच हाती असेल.